मतभेदाची रीत

बारा जणांच्या आमच्या गटात पुढे दोन महिने जे बिनसलेले राहिले, त्याची सुरुवात एका बैठकीतल्या दोन वाक्यांनी झाली. आम्ही चार देशांत विखुरलेले होतो, मोजमापाच्या एका यंत्रासाठी सॉफ्टवेअर तयार करत होतो आणि गटाच्या समन्वयाचे काम माझ्याकडे होते. त्या दिवशी पडद्यावर चाळीस पानांचा आराखडा उघडलेला होता. तो लिहिणारे सहकारी आमच्यात वयाने आणि अनुभवाने सर्वांत ज्येष्ठ होते आणि त्यामागे त्यांची तीन महिन्यांची मेहनत होती. तिसरे पान आले तेव्हा एक तरुण अभियंता म्हणाला, “इथलं तुमचं गृहीतक चुकीचं आहे. पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणजे तेही टिकणार नाही.” क्षणभर कोणीच बोलले नाही. पडद्यावरचा कर्सर त्या ओळीच्या शेवटी लुकलुकत राहिला. मग ज्येष्ठ सहकारी शांत स्वरात म्हणाले, “विचार करतो,” आणि त्यांनी पुढचे पान उघडले.

तरुणाने या उत्तराचा अर्थ ‘मान्य आहे, दुरुस्ती करून देतो’ असा घेतला. ज्येष्ठांना म्हणायचे होते, ‘नाही, आणि अशा रीतीने सांगितल्यावर तर नाहीच.’ मी इतिवृत्तात ‘मुद्दा नोंदवला, सुधारित आराखडा येईल’ असे लिहिले आणि बैठक चांगली पार पडली या समाधानात राहिले. तीन आठवडे आराखड्यात एक अक्षरही बदलले नाही. मग तरुणाने दोन ओळींचा ईमेल पाठवला आणि त्याच्या प्रती दोघांच्याही वरिष्ठांना धाडल्या. त्या दिवसापासून ज्येष्ठ सहकारी बैठकीत विचारलेल्या प्रश्नाचे तेवढे उत्तर देऊ लागले, त्यापलीकडे एक शब्दही नाही.

त्या दोघांचे देश मी मुद्दाम लिहीत नाही. देशाचे नाव कळले की उरलेले चित्र वाचणारा स्वतःच रंगवून मोकळा होतो आणि माणूस बाजूला राहतो. शिवाय ही सगळी बोलणी इंग्रजीत झाली होती, आणि ती आज मराठीत लिहिताना मला एक निवड करावी लागते, जी त्या दिवशी कोणालाच करावी लागली नव्हती. वर मी ‘तुमचं गृहीतक’ असे लिहिले आहे. तरुणाच्या मनात ते ‘तुझं’ होते, कारण ज्याच्याबरोबर काम करायचे त्याच्याशी बरोबरीने बोलणे, हाच त्याच्या घडणीतला आदर होता. ज्येष्ठांच्या कानावरही ‘तुझं’च पडले, पण त्यांच्या घडणीत चारचौघांत असा एकेरी उल्लेख म्हणजे पाणउतारा होता. इंग्रजी शब्दाला तू-तुम्हीचा भेद नाही. त्यामुळे प्रत्येकाने लहानपणापासून सोबत आणलेला अर्थ त्यात भरला आणि तो समोरच्यानेच उच्चारला आहे अशी आपली खात्री करून घेतली.

एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. काही समाजांत अर्थ शब्दांतच पुरेपूर भरलेला असतो. काहींत तो प्रसंग, नाते, स्वर, थांबणे आणि न बोलणे यांत वाटलेला असतो आणि शब्दांच्या वाट्याला थोडाच येतो. ‘विचार करतो’ हे दुसऱ्या प्रकारचे वाक्य होते आणि ते पहिल्या प्रकारच्या कानांनी ऐकले गेले. गेर्ट होफस्टेडे यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून अधिकारातले अंतर, व्यक्ती आणि समूह यांचे नाते, अनिश्चिततेची भीती अशा कसोट्यांवर देशांची तुलना केली. ती तुलना आज प्रशिक्षणवर्गांतून इतक्या सहजपणे वापरली जाते की त्यांनीच दिलेला इशारा मागे पडतो: देशाची सरासरी ही देशाची असते, ती समोर बसलेल्या माणसाला लावू नये. माझ्या अनुभवात तर आमच्यातला सर्वांत स्पष्टवक्ता माणूस तथाकथित मितभाषी देशातून आलेला होता. संस्कृती माणसाला काय बोलायचे ते सांगत नाही; बोलल्यावर त्याचा अर्थ काय घेतला जाईल, याचा अंदाज ती त्याला देते. तो अंदाज परक्या माणसांत चुकतो, एवढेच.

एवढेच म्हटले खरे, पण चुकलेला अंदाज आपल्याला चुकलेला अंदाज म्हणून दिसत नाही. तो समोरच्याचा स्वभाव म्हणून दिसतो. जोन मिलर या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीच्या माणसाच्या बऱ्यावाईट वागण्याचे कारण विचारल्यावर अमेरिकी प्रौढ बहुधा त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवत, तर म्हैसूरचे हिंदू प्रौढ परिस्थिती, नाते आणि जबाबदाऱ्या यांच्याकडे अधिक वळत. मला त्या अभ्यासातली दुसरी बाब जास्त मोलाची वाटते: लहान मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे दुसऱ्याला कसे वाचायचे हेसुद्धा आपण शिकतो, आणि शिकलो हे विसरतो. आमच्या गटात मात्र, कोणीही कुठलाही असला तरी, भांडण पेटल्यावर सगळेच स्वभावाची भाषा बोलू लागले. तरुण ‘उद्धट’ ठरला आणि ज्येष्ठ ‘आडमुठे’ ठरले. मी स्वतःच्या टिपणवहीतही हेच दोन शब्द लिहिलेले आहेत.

यावर मी जो उपाय केला, तो चुकला आणि त्याची किंमत गटाने मोजली. मी सर्वांना एकत्र बोलावून सांगितले की इथे कोणी लहान-मोठे नाही, मनात असेल ते मोकळेपणाने बोला. हे वाक्य मला तटस्थ वाटत होते. ते तटस्थ नव्हते. दोन रीतींपैकी एका रीतीच्या बाजूने मी निकाल दिला होता. मोकळेपणाने बोलणे हा तरुणाचा शिष्टाचार होता, आणि तो मी सर्वांचा नियम म्हणून जाहीर केला. त्यानंतर जे आधीच बोलत होते ते अधिक बोलू लागले आणि जे गप्प होते ते आणखी गप्प झाले. वादविवाद हाताळण्याच्या प्रचलित चौकटींमध्ये ‘टाळणे’ ही एक कमकुवत पद्धत मानली जाते. त्यात ना स्वतःचे हित साधते ना दुसऱ्याचे, असे समजले जाते. स्टेला टिंग-टूमी यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या सिद्धान्ताने या समजुतीला चांगलाच छेद दिला. आपली पत राखणे आणि समोरच्याची पत राखणे या दोन वेगळ्या चिंता आहेत. जिथे दुसरीला अधिक मान आहे तिथे वाद उघडपणे टाळणे ही माघार नसून समोरच्याविषयीची काळजी असते, असे त्या सांगतात. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या बैठकीत पान पुढे नेले ते तरुणाचीही पत राखण्यासाठी, हे मला फार उशिरा समजले. त्यांच्या मते चारचौघांत उत्तर दिले असते तर मुलगा अडचणीत आला असता.

पण मौनाला नुसता मान देऊन भागत नाही, हेही तितकेच खरे आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाकडे येत असताना खराब हवामान आणि गर्दीमुळे आकाशात तासाहून अधिक काळ घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आले होते. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर वैमानिकाने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितले, आणीबाणी आहे म्हणून कळव. सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला इंग्रजीत कळवले ते एवढेच की आम्ही पुन्हा प्रयत्न करतो, आमचे इंधन संपत आले आहे. ‘आणीबाणी’ हा शब्द त्याने उच्चारला नाही. नियंत्रकाने पुढच्या फेरीचा लांबचा मार्ग सांगून तो इंधनाच्या दृष्टीने चालेल ना, असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, मला वाटते चालेल, आभारी आहे. काही मिनिटांत विमान कोसळले आणि १५८ पैकी ७३ माणसे गेली. या अपघाताला निव्वळ संस्कृतीचा दाखला म्हणून वापरणे मला पटत नाही. तपास अहवालाने इंधनाच्या व्यवस्थापनातली आणि संकट कळवण्यातली चूक दाखवली, आणि इंधन अपुरे असल्याचे सांगण्यासाठी सर्वांना एकाच अर्थाने समजतील असे ठरावीक शब्द नव्हते, याचाही उल्लेख केला. मला तो शेवटचा उल्लेख महत्त्वाचा वाटतो. संवादाच्या एका टोकाला अदबीने बोलणारा माणूस होता आणि दुसऱ्या टोकाला ठरावीक शब्द ऐकण्याची वाट पाहणारा. दोघेही आपापल्या रीतीने नीट वागत होते. ‘आभारी आहे’ हे शब्द मला वाचल्यापासून विसरता आलेले नाहीत.

दुसऱ्या महिन्यात आमचा प्रश्न दोन माणसांचा उरला नाही. गट दुभंगला, आणि कुठे दुभंगेल हे मला आधीच दिसायला हवे होते. डोरा लाउ आणि कीथ मर्निघन यांनी १९९८ मध्ये भूगर्भशास्त्रातली प्रस्तरभंगाची कल्पना गटांना लावली. गटात विविधता किती आहे यापेक्षा वेगवेगळे फरक एकाच रेषेवर येतात का, हे पाहावे, असा त्यांचा मुद्दा आहे. आमच्याकडे ज्येष्ठ माणसे एका देशात होती, यंत्राचा विद्युत भाग तेच पाहत आणि त्यांचा दिवस आमच्याआधी सुरू होई. तरुण माणसे दुसऱ्या देशात होती, सॉफ्टवेअर तेच लिहीत आणि त्यांचा दिवस उशिरा संपे. वय, देश, विषय, घड्याळ असे चारही फरक एकावर एक रचले गेले होते. एरवी अशी भेग दिसत नाही. हादरा बसला की जमीन तिथेच फाटते. कामाच्या मुद्द्यावरचा वाद आणि माणसांमधला वाद यांत कॅरेन जेन यांनी १९९५ मध्ये भेद केला होता आणि पहिल्या प्रकारचा वाद कधी कधी उपकारकही ठरतो असे त्यांना आढळले होते. पुढच्या संशोधनात हे चित्र इतके आशादायक राहिले नाही, कारण प्रत्यक्षात हे दोन वाद एकमेकांत फार लवकर मिसळतात. आमच्या तिसऱ्या पानावरचे गृहीतक तीन आठवड्यांत कोणाला आठवतही नव्हते.

याच काळात मी ईमेलमधला एक शब्द मोजू लागले. मराठीत बोलताना आपल्याला सतत ठरवावे लागते: ऐकणारा धरून असेल तर ‘आपण’, ऐकणारा वगळून असेल तर ‘आम्ही’. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द आहे, त्यामुळे लिहिणारा कोणाला आत घेतो आहे आणि कोणाला बाहेर ठेवतो आहे हे वरवर कळत नाही. मी प्रत्येक ईमेल मनात मराठीत करून पाहिला. ‘हे जूनमध्येच स्पष्ट केले होते’ यातला कर्ता ‘आम्ही’. ‘चाचणीची जबाबदारी कोणाची ते ठरवावे लागेल’ यातला ‘आम्ही’च, नम्र वेषातला. एका पूर्ण आठवड्यात, चाळीसेक ईमेलमध्ये, ज्याचे भाषांतर मनापासून ‘आपण’ करता येईल असे वाक्य मला दोनदाच सापडले, आणि त्यातले एक माझेच होते.

‘आम्ही’ तयार व्हायला संस्कृतीचीही गरज लागत नाही, हे हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत दाखवले. दोन चित्रकारांपैकी तुला कोणाची चित्रे आवडली, इतक्या किरकोळ कारणावरून गट पाडले, तरी मुले आपल्या गटाला झुकते माप देत; कधी तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटापेक्षा फरक मोठा राहावा, अशी वाटणी ती करत. त्याहून खोलवर शिरणारा प्रयोग मुझफर शरीफ यांचा आहे. १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका उद्यानात त्यांनी सुमारे ११ वर्षांची २२ मुले दोन गटांत ठेवली. ही सगळी मुले एकाच प्रकारच्या कुटुंबांतली, एकाच धर्मपंथातली होती. तरीही काही दिवसांत प्रत्येक गटाने आपले नाव, आपला झेंडा आणि आपले शिष्टाचार निर्माण केले. एक गट शिवराळ बोलण्यात मर्दुमकी मानू लागला तर दुसऱ्याने शिव्या न देणे ही आपली ओळख ठरवली. स्पर्धा सुरू झाल्यावर वैर आले. मग त्यांना एकत्र जेवू घातले, एकत्र चित्रपट दाखवले. त्याने काही साधले नाही, जेवणाच्या वेळी तर एकमेकांवर अन्न फेकले गेले. वैर ओसरले ते पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि सर्वांना मिळून तो दुरुस्त करावा लागला तेव्हा, आणि अन्न आणणारा ट्रक अडला तेव्हा. तो ट्रक ओढायला मुलांनी जो दोर वापरला तो रस्सीखेचीचा होता, ज्याच्या दोन टोकांना काही दिवसांपूर्वी ते एकमेकांविरुद्ध उभे राहिले होते. त्या प्रयोगात संशोधकांनीच संघर्ष घडवून आणला, हा आक्षेप रास्त आहे. तरीही तो दोर मला खरा वाटतो.

आमचा ट्रक अडला तो पहिल्या प्रत्यक्ष चाचणीत. यंत्र सहा तास बरोबर मोजत होते आणि सातव्या तासापासून हळूहळू चुकत होते. दोष विद्युत भागात होता की सॉफ्टवेअरमध्ये, हे एकट्या कोणत्याच बाजूला कळणे शक्य नव्हते. संवेदकाचा प्रत्यक्ष प्रतिसाद ज्येष्ठांनाच वाचता येत होता आणि नोंदींचा गुंता तरुणच सोडवू शकत होता. दोघे सलग तीन रात्री एकाच कॉलवर होते. तिसऱ्या रात्री मूळ सापडले, आणि ते तिसऱ्या पानावरचे गृहीतकच होते, पण तरुणाने सांगितलेल्या कारणाने नव्हे. गृहीतक एका तापमानापर्यंत बरोबर होते आणि त्यापुढे चूक. दोघेही अर्धे बरोबर होते.

त्या आठवड्यात मी दोघांशी वेगवेगळे बोलले. ज्येष्ठ म्हणाले, “त्याने आदल्या दिवशी मला फोन केला असता, तर ती शंका मी स्वतः बैठकीत मांडली असती, त्याचं नाव घेऊन.” तरुण म्हणाला, “त्यांनी माझ्याशी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. ते गप्प बसले, म्हणजे मी वाद घालण्याच्याही लायकीचा नाही, असं मला वाटलं.” एकाला वाद हा अपमान वाटत होता आणि दुसऱ्याला वाद न घालणे हा. मला वाटते, बहुतेक गटांतली भांडणे मुद्द्यावरून होतच नाहीत. मतभेद कसा मांडायचा या रीतीवरून होतात, आणि ती रीत कधीच बोलून ठरवलेली नसते.

जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचे अपोलो आणि सोव्हिएत संघाचे सोयूझ अवकाशात जोडले गेले, त्याआधी अभियंत्यांना एक अवघड प्रश्न सोडवावा लागला होता. तोवरच्या जोडणीत एका यानाचा भाग घुसणारा आणि दुसऱ्याचा सामावून घेणारा, म्हणजे एक सक्रिय आणि दुसरे निष्क्रिय, असे असे. आता दोन्ही यानांवर सारख्याच घडणीचे, पाकळ्यांसारखे भाग असलेले नवे कडे बसवले गेले, ज्यात कोणतेही यान सक्रिय होऊ शकत होते आणि कोणालाही कमीपणा नव्हता. भाषेचाही तोडगा असाच निघाला: अमेरिकी अंतराळवीर रशियन बोलत आणि सोव्हिएत अंतराळवीर इंग्रजी. प्रत्येकाने अवघडलेपण स्वतःकडे घेतले आणि समोरच्याला त्याची भाषा ऐकू दिली. सर्वांनी एक व्हा, भेद विसरा, असे म्हणण्यापेक्षा मला हा तोडगा फार पुढचा वाटतो. सॅम्युएल गार्टनर आणि जॉन डोव्हिडिओ यांचे सामायिक ओळखीवरचे संशोधनही याच दिशेला जाते: मोठी ओळख घडवताना आधीची ओळख टाकून द्यायला लावले तर माणसे, विशेषतः संख्येने थोडी असलेली, दुखावतात, दोन्ही ओळखी एकत्र नांदू शकतात.

म्हणून आम्ही आमचे कडे घडवले. आराखड्यावरचा आक्षेप बैठकीच्या आदल्या दिवशी लेखकाला थेट कळवायचा. बैठकीत तो लेखकानेच, आक्षेप घेणाऱ्याचे नाव घेऊन, मांडायचा. आणि ‘विचार करतो’ म्हणताना तारीख सांगायची. हे नियम दोन्ही बाजूंना थोडे थोडे टोचत होते. तरुणाला एक दिवस थांबणे जड जाई, ज्येष्ठांना तारीख सांगणे. जिभेवर ‘विचार करतो’ आल्यावर ते क्षणभर थांबत, कॅलेंडर उघडत आणि मग बोलत. ते थांबणे मला प्रत्येक बैठकीत ऐकू येई.

सात-आठ महिन्यांनी गटात एक नवी सहकारी आली. पहिल्याच बैठकीनंतर तिने विचारले, “आक्षेप आदल्या दिवशीच का पाठवायचे? बैठकीत सांगितले तर काय बिघडते?” दोघेही एकदमच उत्तर देऊ लागले. ज्येष्ठ म्हणाले, “कोणालाही सर्वांसमोर अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.” तरुण म्हणाला, “नाही, तयारी करून आलं की वाद नीट घालता येतो म्हणून.” मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि हा नियम नक्की कशासाठी आहे यावर त्यांचा वाद सुरू झाला. नवी सहकारी माझ्याकडे पाहू लागली. मी तिला थोडे थांबायची खूण केली. ज्येष्ठ सहकारी इंग्रजीतच म्हणत होते की हा नियम आपण केला तेव्हा तूही तिथे होतास, आणि त्या वाक्याचे मराठी करताना मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही.